भिंतीकडच्या तीन तुळया

ताई म्हणजे बारकीची थोरली बहीण, पाळणाघर चालवणारी. घरात साप निघाला तरी आधी गॅसवरचं दूध उतरवील आणि मग काठी शोधील, अशा काळजाची बाई. त्यामुळे मंगळवारी सकाळी ऑफिसात फोन वाजला आणि तिचा आवाज पडलेला ऐकू आला, तेव्हा काही कळायच्या आधीच बारकीने हातातलं काम बाजूला सारलं.

“बारके, तू हसशील. पण वरचं छत काहीतरी बोलतंय गं.”

“बोलतंय म्हणजे?”

“रोज दहाला वरचा व्यायाम सुरू झाला, की कपाटाची कडी आपोआप खडखडते. भिंतीकडच्या तीन पाळण्यांतली पोरं दचकून उठतात. बाकीची आठ ढाराढूर. रोज तीच तीन! काल मी भिंतीला हात लावून उभी राहिले, तर एखाद्या आजारी जनावराच्या पोटाला हात लावल्यासारखं वाटलं. आधी असं नव्हतं. पंधरा-वीस दिवसांत सुरू झालंय.”

बारकी हसली नाही. ते छत तिचंच होतं.

म्हणजे बांधलं मिस्त्र्यांनी, पण त्याआधी ते जन्मलं तिच्या कॉम्प्युटरवर. इमारत जुनी, दुमजली, एके काळचं गोदाम. मधला मजला लाकडी तुळयांचा. मांजर चाललं तरी डुगडुगायचा. मालकाला तो पाडायचा नव्हता. तेव्हा बारकीच्या ऑफिसने तोडगा काढला, की तुळया तशाच ठेवू, त्यांच्यात तिरके लांब स्क्रू बसवू आणि वर सात सेंटिमीटर काँक्रीट ओतू. स्क्रूंनी लाकूड आणि काँक्रीट एकमेकांना घट्ट धरलं, की दोघं मिळून एका अंगाने वाकतात आणि मजला ताठ होतो. किती ताठ होईल, माणसं चालली-नाचली तर किती थरथरेल, हे बांधायच्या आधी मॉडेल करून सांगायचं हे बारकीचं काम. त्यात ऑफिसात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने सांगितलं होतं, हा मजला सेकंदाला नऊ हेलकावे घेईल. काम संपल्यावर मोजलं तर आठ पूर्णांक आठ भरले. ऑफिसचे मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “पोरीचा नेम चुकत नाही.”

त्याच भरात तिने ताईला सांगितलं होतं, की खालचा हॉल भाड्याने घे, पाळणाघराला मस्त आहे. वर कोण येणार, व्यायामशाळा ना? येऊ देत. नाचू देत. ताईने घेतला.

दुपारी वरचा हॉल रिकामा असताना बारकी सेन्सर घेऊन गेली. काड्यापेटीएवढ्या सहा डब्या तिने जमिनीवर ठेवल्या, लॅपटॉपला जोडल्या आणि मधोमध उभी राहिली. टाचा उचलायच्या, अंगाचा सगळा भार टाचांवर धप्पकन सोडायचा आणि मग श्वास रोखून गप्प उभं राहायचं. मजला ठोक्यानंतर आपला आपण थरथरतो, ते सेन्सर टिपतात. एकट्या बाईने रिकाम्या हॉलमध्ये असं धपाधप टाचा आपटताना कुणी पाहिलं तर वेड लागलं म्हणेल, असं एरवी तिच्या मनात येऊन तिला हसू यायचं. आज आलं नाही.

पडद्यावर आकडा उमटला. सात पूर्णांक तीन.

तिने पुन्हा टाचा आपटल्या. सात पूर्णांक तीन. वायरी काढून पुसून परत लावल्या, डब्यांच्या जागा बदलल्या. आकडा ढिम्म हलेना.

मजल्याचे हेलकावे म्हणजे त्याची नाडी. ती मंदावते दोनच कारणांनी. एक तर अंगावरचं ओझं वाढलं, नाहीतर अंगातला जोर गेला. एवढी खाली यायला जोर गेला असेल तर साधारण एकतृतीयांश. हा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला आणि तिला एकदम जाणवलं, की आपण त्याच मजल्याच्या मधोमध उभ्या आहोत. ती भिंतीला धरून दारापर्यंत गेली. आपली पावलं आपणच हलकी टाकतोय, हे पायरीवर आल्यावर तिच्या लक्षात आलं.

खाली ताई एका पोराला थोपटत होती. “काय गं?”

“काही नाही. ऑफिसात जाऊन नीट बघावं लागेल.”

ताईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि थोपटणं चालू ठेवलं.

बुधवारी ती सरांच्या केबिनमध्ये उभी होती. सर माणूस वाईट नव्हते. पण तीस वर्षं या धंद्यात घालवल्यावर माणसाला घाबरण्यापेक्षा घाबरवलं जाण्याची चीड जास्त येते.

“वर सामान आलं असेल. मशिनं, वजनं, आरसे. ओझं वाढलं की आकडा उतरतोच. हे मी तुला शिकवायचं का?”

“सर, ओझ्याने एवढा उतरायला वर सात टन जास्तीचे लागतील. म्हणजे दीड हत्ती. मी बघून आले, तिथे सतरंज्या आहेत आणि डंबेल्सचा एक रॅक.”

सर हसले. मग हसू आवरून म्हणाले, “मग मॉडेल पुन्हा कर. आधी कारण सापडू दे. मी मालकाला पत्र टाकतो, पुढच्या आठवड्यात जाऊन बघू. आणि हे बघ, कॉम्प्युटरवरच्या चित्रावरून चालतं पाळणाघर रिकामं करायचं, आणि उद्या आत काहीच निघालं नाही, तर तुझंही हसं आणि माझंही.”

तिच्या भीतीला त्या क्षणापासून दोन तोंडं फुटली. आपण चुकलो असू, ही एक. आपण बरोबर असू, ही दुसरी.

तो दिवस आणि पुढचा दिवस ती खुर्चीतून उठली नाही. सहा सेन्सरांवरून मजल्याच्या थरथरण्याचा आकार तिला मिळाला होता. मजला मधोमध सर्वांत जास्त वर-खाली व्हायला हवा होता. हा मात्र एका बाजूला, भिंतीकडे कललेला होता, एक पाय लंगडा असलेल्या खाटेसारखा. तिने मॉडेलमधले सगळे स्क्रू सैल करून पाहिले. आकडा जुळला, पण आकार जुळेना. काँक्रीटला तडा दिला. आकार थोडा जवळ आला, आकडा पळाला. एकेक गोष्ट बदलायची, चालवायची, बघायची, खोडायची. गुरुवारी दुपारी तिने तेरा तुळयांपैकी फक्त शेवटच्या तीन घेतल्या आणि भिंतीत शिरतात त्या टोकाला, हातभर लांबीत, लाकडाचा आणि स्क्रूंचा जोर जवळजवळ काढूनच टाकला.

सात पूर्णांक तीन. आणि मोजलेला आकार नव्या आकारावर असा बसला, की जणू गिरवलाय.

एरवी मॉडेल जुळलं की ती टेबलावर टिचकी मारायची. त्या दुपारी तिने खालच्या हॉलचा नकाशा शेजारी ओढला. त्या तीन टोकांच्या बरोबर खाली तीन पाळणे होते.

आणखी एक गोष्ट तिला दिसली, आणि तिचा उरलासुरला धीरही गेला. व्यायामाच्या बायका गाण्यावर सेकंदाला अडीचपेक्षा थोड्या कमी उड्या मारत. त्याची तिप्पट म्हणजे सात पूर्णांक दोन. झोपाळ्याला दर हेलकाव्याला धक्का द्यावा लागत नाही. दर तिसऱ्याला वेळेवर दिला तरी तो चढतच जातो. मजला धडधाकट होता तेव्हा त्याची आणि बायकांची लय जुळत नव्हती. तो कमजोर होत होत बरोबर त्यांच्या तालात येऊन पोचला होता. आता प्रत्येक उडी त्या लंगड्या टोकाला आणखी खिळखिळं करत होती.

पण तिथेच का? तीच टोकं का? तिने जुने नकाशे काढले. मग जुने मेल. आणि एका मेलवर तिची नजर अडकली. काम चालू असताना मालकाने विचारलं होतं, की वरची न्हाणीघरं जिन्याजवळून हलवून मागच्या, म्हणजे पाळण्यांकडच्या, भिंतीला नेली तर चालेल का. खाली तिचं उत्तर होतं. एकच ओळ. “मजल्याच्या कंपनावर परिणाम नाही, हरकत नाही.”

तिने तेव्हा न्हाणीघराचं वजन मोजलं होतं. पाणी मोजलं नव्हतं. पाइप कुठून जाईल, गळला तर कुणाच्या अंगावर गळेल, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता. ती ओळ तिने चारदा वाचली. पुसून टाकता येईल का, असंही एक क्षण मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला शिसारी आली.

संध्याकाळी तिने व्यायामाच्या मास्तरीणबाईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी निरोप लिहून पाठवला, “उद्याचा वर्ग कृपया बंद ठेवा, मजला तपासायचा आहे.” सरांना मात्र तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

शुक्रवारी साडेनऊच्या सुमाराला ती पाळणाघरात पोचली तेव्हा बरोबर सुतारमामा होते. या मजल्याच्या तुळया त्यांनीच तासल्या होत्या. म्हातारा माणूस, बोलणं कमी, कानाला पेन्सिल. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं एवढंच, “लोखंडी टेकू किती आणू?”

शिडी आणि करवत बघून ताईने दारातच अडवलं. “छत फोडणार? आत्ता? पोरं नुकती झोपलीत!”

“ताई, पोरं दुसरीकडे ने. आत्ताच्या आत्ता.”

“कुठे नेऊ? रस्त्यावर? अकरा आयांना फोन करून सांगू, की माझ्या बहिणीला छताचा संशय येतोय? अगं, एकदा विश्वास उडाला की पोरं परत येत नाहीत. तुला नक्की माहीत आहे का?”

“नाही,” बारकी म्हणाली. “नक्की माहीत नाही.”

ताई काही बोलणार तोच मामा मध्ये पडले. “बाई, भिंतीकडचे तीन पाळणे तेवढे दाराशी ओढून घ्या. मी हातभर भोक पाडतो. दहा मिनिटांत कळेल.”

तीन पाळणे ओढले. पाळणाघरातल्या दोन मदतनीस बायकांनी मधोमध एक चादर धरली, धूळ उडू नये म्हणून. मामा शिडीवर चढले, छताला खालून मारलेल्या पांढऱ्या फळीचा एक चौकोन त्यांनी करवतीने कापून अलगद काढला आणि आत बॅटरी मारली. बारकी शिडी धरून उभी होती. आधी तिच्या नाकाला वास आला. ओल्या, कुजट लाकडाचा.

मामांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून तुळईच्या टोकाला लावला. जोर दिल्यासारखा त्यांचा हात दिसलाच नाही. पण स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. शिजलेल्या बटाट्यात जावा तसा.

मामा खाली पाहत इतकंच म्हणाले, “पोरी, टेकू दे.”

आणि त्याच वेळी वर पावलं वाजली.

एक, दोन, मग पुष्कळ. खुर्ची सरकवल्याचा आवाज. हसणं. बारकीने घड्याळाकडे पाहिलं. दहाला मिनिटभर कमी. निरोप कुणी वाचलाच नव्हता.

“ताई, पोरं काढ!”

आता ताईने एक शब्द विचारला नाही. तिने पहिलं पोर उचलून खांद्यावर टाकलं, दुसरं काखेत घेतलं आणि मदतनिसांना म्हणाली, “ओरडायचं नाही. पळायचं नाही. दोन-दोन घ्या.” बारकी जिन्याकडे धावली. तिच्या मागे मामांनी पहिला टेकू उभा केल्याचा ठण्ण आवाज झाला.

जिना चढताना गाणं सुरू झालं. वरचं दार आतून बंद. तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं, बोंब मारली, लाथ घातली. आत ढोलासारखा ठेका चालला होता आणि मास्तरीणबाईंचा आवाज, “आणि उडी! आणि उडी!” पायाखालची पायरी धडधडतेय की आपलंच काळीज, हे तिला कळेना. खाली किती पोरं निघाली असतील? चार? सहा? ताई आत असेल की बाहेर?

मग तिला जिन्याच्या कोपऱ्यात विजेचा बोर्ड दिसला. तिने मुख्य खटका धरला आणि सगळा भार टाकून खाली ओढला.

गाणं थांबलं. पंख्यांची घरघर विझत गेली. आत बायकांचा गलका झाला आणि कुणीतरी दार उघडलं.

“काय चाललंय हे?” मास्तरीणबाई घामेजलेल्या, चिडलेल्या.

“बाई, मला नंतर काय हव्या त्या शिव्या द्या. आत्ता कुणी उडी मारायची नाही. मागच्या भिंतीपासून लांब व्हा, एकेकीने चालत या. पाय न आपटता.”

तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. बाईंनी वाद घातला नाही. पंधरा बायका, कुणी वयस्कर, कुणी जाड, कुणी पोटुशी, झोपलेल्या घरातून चोरपावलांनी निघावं तशा एकामागून एक बाहेर आल्या. बारकी मनात मोजत होती. बारा. तेरा. चौदावी उंबऱ्यावर असताना तो आवाज झाला.

मोठा नव्हता. ओली फांदी मोडावी तसा, कड्ड. मग आतून एक लांब कण्हणं. न्हाणीघराच्या दाराची चौकट तिच्या डोळ्यांदेखत तिरकी झाली आणि जमिनीवर कोपऱ्यापासून एक भेग सरसरत आली.

पंधराव्या बाईला तिने मनगट धरून ओढलं. जिना ती कशी उतरली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. एवढंच आठवलं, की आपण ताईला हाका मारत होतो.

हॉलमध्ये धुळीचा लोट होता. भिंतीकडचं छत चार बोटं खाली आलं होतं आणि दोन लोखंडी टेकूंवर अडून बसलं होतं; एक टेकू धनुष्यासारखा वाकलेला. त्याच्यापलीकडे मामा जमिनीवर बसले होते. पेन्सिल अजून कानाला.

“मी आहे,” ते म्हणाले. “बाहेर जा, बहिणीला बघ.”

ताई रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर होती. पोरं रांगेने चादरीवर ठेवली होती आणि ती बोट रोखून मोजत होती. अकरा भरली की पुन्हा पहिल्यापासून. बारकी शेजारी येऊन बसली तरी मोजणं थांबलं नाही. पाचव्यांदा अकरा भरल्यावर ताईने बोट खाली घेतलं.

तिथेच, आयाबाप गोळा व्हायच्या आत, बारकीने तिला त्या एका ओळीबद्दल सांगितलं. पाणी आपल्या लक्षातच आलं नाही, असं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं. मग उठून ती पोरांच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली.

पुढे जे व्हायचं ते झालं. पाइपाचा सांधा भिंतीच्या आत कित्येक महिने ठिबकत होता. तुळयांची टोकं आणि स्क्रूंभोवतीचं लाकूड पार मऊ पडलं होतं. बारकीने अहवाल लिहिला आणि त्यात आपली ओळ, तारखेसकट, पहिल्याच पानावर घातली. सरांनी ते पान दोनदा वाचलं.

“हे घालायलाच हवं का?”

“हो सर.”

त्यांनी सही केली. आणि थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता म्हणाले, “मी पुढच्या आठवड्यात बघू म्हणालो होतो, हेही घाल.”

ताई दीड महिना बोलली नाही. फोन केला तर भाचा उचलायचा आणि “आई कामात आहे” म्हणायचा. बारकीला या दिवसांत एक नवीच खोड लागली. कुठल्याही खोलीत शिरली, की ती आधी वर बघायची, मग भिंतीचा कोपरा, मग पाणी कुठून जातं ते. बँकेत, दवाखान्यात, मैत्रिणीच्या घरी. लोक बोलत असायचे आणि तिचं अर्धं लक्ष छतात असायचं. झोपेत तिला दार बडवल्याचा आवाज यायचा.

मग एके सकाळी ताईचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. “पाळणाघराला एक जागा बघितलीय. बैठं घर आहे, वर कुणी राहत नाही. अकरा वाजता ये. पत्ता पाठवते.”

घर छोटं, नीटनेटकं होतं. मालक कागद घेऊन ताटकळत होते आणि ताई हातात पेन घेऊन खिडकीशी उभी होती. बारकीने दोन तास घालवले. भिंती ठोकल्या, माळ्यावर चढून वासे चाचपले, मोरीतले सगळे नळ सोडून मागच्या भिंतीला कान लावला. मालकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. कुठेच काही वावगं दिसेना. तरी ती आणखी एकदा माळ्यावर चढून आली.

“बोल की,” ताई म्हणाली.

“मला तर ठीक दिसतंय. पण माळ्याच्या त्या कोपऱ्यापर्यंत माझा हात पोचत नाही. मामांना बोलावते, ते एकदा बघू देत. तोवर सही करू नकोस.”

मालकांनी सुस्कारा सोडला. ताईने धाकट्या बहिणीकडे बराच वेळ पाहिलं, कोळिष्टकं लागलेल्या केसांकडे, मळलेल्या गुडघ्यांकडे. मग पेनाला टोपण लावून ती म्हणाली, “बोलाव. मी थांबते.”